वारा, सावली आणि पुण्यातला एक बूमरँग क्लब : एका बंद पडलेल्या मैदानाचं प्रकरण

एप्रिलच्या शेवटच्या रविवारी, सकाळी साडेनऊच्या सुमारास, कोथरूडकडच्या एका शिक्षणसंस्थेच्या मैदानावर एका कॉलेजच्या मुलाने प्लायवुडचं बूमरँग फेकलं. फेक चांगली होती. बूमरँग डावीकडे वळलं, गोल पूर्ण करून परत आलं, पण मुलाच्या हातात न येता त्याच्या डोक्यावरून मागे गेलं. तिथे वीसेक पावलांवर रेन ट्रीखाली खुर्ची टाकून बसलेल्या एका आजोबांच्या खांद्यावर ते आदळलं. हाड वाचलं. खांदा काळानिळा झाला आणि चष्मा पडून एक काच गेली. सोमवारी संस्थेच्या ऑफिसातून फोन आला : पुढची सूचना मिळेपर्यंत मैदान बंद.

क्लबचं, संस्थेचं आणि माणसांचं नाव मी इथे देत नाही. मी सभासदही नाही. क्लबची वही सांभाळणाऱ्या मैत्रिणीमुळे हे सगळं जवळून बघायला मिळालं, आणि पुढच्या दोन-तीन महिन्यांतल्या बैठकांना कोपऱ्यात बसायची मुभा मिळाली. फ्रिस्बी, स्केटिंग, धनुर्विद्या, असं काहीतरी उधारीच्या मैदानावर चालवणाऱ्या मंडळींना यातलं बरंच ओळखीचं वाटेल.

क्लब कसा उभा राहिला

संस्थापक पिंपरीतल्या एका कारखान्याच्या टूलरूममधून निवृत्त झालेले. सगळे त्यांना काका म्हणतात. मेलबर्नहून आलेल्या भाच्याने त्यांना ठिपक्यांच्या नक्षीचं, दुकानात भेटवस्तू म्हणून मिळतं तसं बूमरँग दिलं. काकांनी ते सोसायटीमागच्या मोकळ्या प्लॉटवर फेकलं. ते सरळ गेलं आणि घाणेरीत पडलं. पुन्हा फेकलं, पुन्हा तेच. ज्या माणसाने आयुष्यभर मायक्रोमीटर हातात घेऊन काढलं, त्याला हा अपमान वाटला असावा. भिंग लावून पाहिलं तर दोन्ही बाजू सपाट, कडा नुसत्या घासलेल्या. परत येण्यासाठी लागणारा आकारच त्यात नव्हता. ते भिंतीवर टांगायचं लाकूड होतं.

मग त्यांनी स्वतः बनवायला घेतलं. टिंबर मार्केटमधून आणलेला साधा सहा मिलिमीटरचा प्लाय पहिल्या दोन-चार आपटण्यांतच कोपराशी मोडायचा, कारण आत पोकळ्या असायच्या. पुढे आर्किटेक्चरच्या विद्यार्थ्यांना मॉडेलसाठी लेझरने कापून देणाऱ्या एका दुकानात त्यांना बर्च प्लाय मिळाला. पातळ, एकसारखे, पोकळीविना थर. कानशीने आणि पॉलिश पेपरने एक बाजू उतरती करत गेलं की हे थर एकेक करून उघडे पडतात, आणि त्यांच्या रेषा सारख्या अंतरावर आल्या की उतार बरोबर आला असं समजायचं. पुढची कड जाडसर आणि गोल, मागची पातळ, खालची बाजू सपाट. म्हणजे विमानाच्या पंखाचाच छेद, फक्त बूमरँगच्या दोन हातांवर, म्हणजे फाट्यांवर, एकेक, आणि गोल फिरताना दोन्हींची जाड कड पुढे राहील असे.

नोव्हेंबरात पहिली सात-आठ मुलं आली. संस्थेच्या एका शिक्षकाच्या ओळखीने रविवारी सकाळचं मैदान मिळालं, भाडं नाही, फक्त गेटवरच्या वहीत सही. जानेवारीपर्यंत नावं तिसाच्या वर गेली. मुलांपेक्षा पालकांची गर्दी जास्त, हे पुण्यातल्या कुठल्याही नव्या क्लासचं लक्षण इथेही दिसलं.

शिकवण्याची पद्धत साधी होती. डोक्यावर थोडं गवत उडवून वारा कुठून येतो ते बघायचं. वाऱ्याकडे तोंड करून उजवीकडे पंचेचाळीस-पन्नास अंश वळायचं. बूमरँग जवळजवळ उभं धरायचं, वरचं टोक जरासं उजवीकडे कललेलं, नक्षीची म्हणजे फुगीर बाजू आपल्याकडे. समोरच्या झाडांच्या शेंड्यांच्या रेषेत, मनगटाचा झटका देऊन सोडायचं. जोरापेक्षा गिरकी महत्त्वाची. परत येताना ते आडवं होऊन हळू खाली उतरतं, तेव्हा एक तळवा वर, एक खाली ठेवून मध्ये पकडायचं. एका हाताने झेल घेण्याची हौस पहिले काही महिने कुणीच करायची नाही.

सगळ्यात जास्त त्रास क्रिकेट खेळणाऱ्या मुलांचा. सीमारेषेवरून थ्रो करायची सवय असलेला हात बूमरँग आडवं सोडतो. आडवं सुटलेलं बूमरँग वळत नाही, उचललं जातं. झपकन वर चढतं, वेग संपला की वाकडंतिकडं होऊन कोसळतं. नव्या मुलांकडून धोका आहे तो हाच, असं क्लबमध्ये सगळे धरून चालले होते. म्हणून नव्यांना काका स्वतः एकेक करून समोर उभे करायचे आणि बाकीच्यांना लांब ठेवायचे. ही काळजी त्यांनी पहिल्या दिवसापासून घेतली होती, हे नोंदवायला हवं. एप्रिलमध्ये ज्याच्या हातून ते बूमरँग सुटलं तो मात्र क्लबमधल्या सर्वांत चांगल्या तिघा-चौघांपैकी होता.

गोल हवेत काढला जातो

पुढचं समजायला थोडं विज्ञान लागेल. बूमरँग उभं फिरत पुढे जात असताना वरचा हात उड्डाणाच्या दिशेने फिरतो आणि खालचा उलट दिशेने. त्यामुळे वरच्या हाताला हवा जास्त वेगाने भिडते, त्याच्यावर उचल जास्त येते. एरवी अशा असमतोलाने एखादी वस्तू डावीकडे कोलमडली असती. बूमरँग फिरत असल्यामुळे तो परिणाम नव्वद अंश पुढे सरकून दिसतो आणि कोलमडण्याऐवजी त्याचा मार्ग डावीकडे वळत जातो. हात सोडून सायकल चालवताना अंग डावीकडे कललं की पुढचं चाक आपोआप डावीकडे वळतं, तसं. फेलिक्स हेस या डच संशोधकाने १९७५ मध्ये ग्रोनिंगन विद्यापीठात याच विषयावर प्रबंध लिहिला, आणि त्यातली एक गोष्ट फेकणाऱ्यांना आजही उपयोगी पडते : गोल किती मोठा निघेल हे मुख्यतः बूमरँगच्या वजनावर, आकारावर आणि हवेच्या घनतेवर ठरतं, आपण किती जोर लावतो त्यावर फारसं नाही. तीस मीटरचा गोल काढणारं बूमरँग जीव खाऊन फेकलं तरी साठ मीटर जात नाही. घनता कमी तर गोल मोठा. पुणे समुद्रसपाटीपासून सुमारे ५६० मीटरवर आहे, इथली हवा मुंबईपेक्षा पाच-सहा टक्के विरळ, म्हणजे मुंबईच्या किनाऱ्यावर तीस मीटरचा गोल काढणारं बूमरँग इथे दीड-दोन मीटर जास्त जागा मागेल. काकांना ही गोष्ट फार आवडते. येणाऱ्या प्रत्येकाला ती सांगितली जाते.

परत येण्याला गुरुत्वाकर्षण लागत नाही, हवा लागते. जपानी अंतराळवीर ताकाओ दोई यांनी २००८ मध्ये आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानकात बूमरँग फेकून पाहिलं, तिथेही ते परत आलं.

आता मुद्दा असा की हा गोल जमिनीवर नाही, हवेत काढला जातो, आणि हवा स्वतः सरकत असेल तर अख्खा गोल तिच्याबरोबर सरकतो. ढोबळ हिशोब करा. क्लबच्या लाकडी बूमरँगचं उड्डाण सात-आठ सेकंदांचं. वारा ताशी पाच किलोमीटर, म्हणजे सेकंदाला साधारण १.४ मीटर, आठ सेकंदांत अकरा मीटर सरक. ताशी दहा झाला की बावीस मीटर. ताशी पंधरा किलोमीटरचा वारा अंगाला सुखद लागतो, झाडाची पानं सळसळतात इतकंच. पण त्याची सरक तेहतीस मीटर होते. यातली बरीचशी सरक फेकणारा वाऱ्याच्या अंगाने फेकून भरून काढतो, म्हणूनच तो पंचेचाळीस अंशांचा नियम. पण वारा मधेच वाढला तर भरून काढायला कुणी नसतं.

चौकशी

मंगळवारी संध्याकाळी काका, वही सांभाळणारी मैत्रीण, दोन पालक आणि तो मुलगा मैदानाच्या कुंपणाबाहेर उभे राहून हिशोब करत होते, कारण आत जायची परवानगी नव्हती. मुलगा गप्प होता. एक पालक म्हणाले, "काका, याची फेक चुकली असं लिहून देऊ या, विषय संपेल." काका म्हणाले, "चुकली असती तर लिहिलं असतं."

फेक चुकली नव्हती हे मान्य केल्यावर खरे प्रश्न सुरू झाले, आणि मला वाटतं हे प्रकरण तिथूनच शिकण्यासारखं होतं. मुलाला दोष देणं सगळ्यांत स्वस्त होतं.

पहिला प्रश्न वेळेचा. नोव्हेंबरात एकच तुकडी होती, साडेसहाला सुरू आणि आठला घरी. मुलं वाढली तशा तुकड्या तीन झाल्या आणि शेवटची दहापर्यंत लांबली. पुण्यात हिवाळ्याच्या पहाटे जमिनीलगतची हवा थंड होऊन जागच्या जागी बसलेली असते. धूर सरळ वर न जाता आडवा पसरतो ते यामुळेच. ऊन चढलं की जमीन तापते, हवा ढवळली जाते आणि वरचा वारा खाली उतरतो. हिवाळ्यात हे उशिरा आणि हलकं होतं. मार्चपासून लवकर आणि जोरात होऊ लागतं. त्यात उन्हाळ्यात आणि पुढे पावसाळाभर इथला वारा पश्चिमेच्या अंगाचा. म्हणजे क्लब जितका लोकप्रिय झाला तितकी त्याची शेवटची तुकडी वाऱ्यात ढकलली गेली, आणि हे ऋतू बदलण्याच्या नेमक्या महिन्यांत घडलं.

दुसरा प्रश्न खुर्च्यांचा. सकाळी ऊन पूर्वेकडून येतं. मैदानाच्या पूर्व कडेला रेन ट्रींची रांग आहे, तिची सावली आत मैदानावर पडते. पालक आणि आजी-आजोबा सावलीतच बसणार. नोव्हेंबर ते फेब्रुवारी ही सगळ्यांत सुरक्षित जागा होती, कारण वारा नसायचा आणि बूमरँग फेकणाऱ्याच्या पायाशी यायचं. एप्रिलमध्ये वारा पश्चिमेचा, फेकणारे पश्चिमेकडे तोंड करून उभे, आणि सरकणारा गोल बरोब्बर पूर्वेकडे, खुर्च्यांवर. कुणीही एक खुर्ची हलवली नव्हती, कुणी एक पाऊल चुकीच्या जागी ठेवलं नव्हतं. मांडणी तीच राहिली आणि तिचा अर्थ उलटा झाला.

शिट्टीचंही एक होतंच. काका शिट्टी तुकडी बदलायला वाजवायचे, पाणी प्यायला वाजवायचे, आणि बूमरँग भरकटलं तरी तीच वाजवायचे. शेजारी कवायतीचा वर्ग, त्यांचीही शिट्टी. आजोबांनी ती ऐकली होती. त्यांना वाटलं तुकडी बदलली.

आणि लाकूड. सुरुवातीला मुलांना फोमची बूमरँगं देत. ती आठ-दहा मीटरचा गोल काढतात, तोंडावर आपटली तरी काही होत नाही. पण मुलांना लाकूड हवं असतं. लांब किती जातं, हा त्यांचा पहिला प्रश्न. डेव्हिड शमी या ऑस्ट्रेलियनाने २००५ मध्ये ४२७.२ मीटर फेकलं, हे त्यांना पाठ. ते परत न येणारं होतं, हे पाठ नाही. फेब्रुवारीपर्यंत पहिल्या चारच रविवारांनंतर लाकूड हातात देण्याची पद्धत पडली होती. परत येताना बूमरँगचा पुढे जाण्याचा वेग कमी झालेला असतो, त्यामुळे ते मवाळ वाटतं. पण ते सेकंदाला दहाच्या आसपास गिरक्या घेत असतं, आणि मार बसतो तो फिरणाऱ्या टोकाचा. आजोबांच्या खांद्यावरचा वळ आडवा आणि बोटभर रुंद होता.

बैठका

मे महिन्यात तीन बैठका झाल्या. पहिली काकांच्या घरी, आणि तिच्यात माफीनामा लिहिण्यापलीकडे काही झालं नाही.

दुसरीत पर्यायांवर भांडण झालं. कॉलेजच्या मुलांचं म्हणणं, वेताळ टेकडीवर जाऊ, तिथे कुणाची परवानगी नको. ज्यांनी रविवारी सकाळी वेताळ टेकडी पाहिली आहे त्यांना उत्तर माहीत आहे : फिरायला आलेल्यांची रांग, कुत्री, मोर, आणि मोकळं दिसणारं प्रत्येक सपाट टेपाड कुणाच्या तरी रोजच्या व्यायामाची जागा. शिवाय टेकडीवर वारा मैदानापेक्षा जास्तच. तळजाईचंही तेच. बालेवाडीच्या क्रीडासंकुलाचा विषय भाड्यापाशी थांबला. कुणीतरी नदीपात्र म्हटलं आणि त्याच्याकडे सगळ्यांनी नुसतं पाहिलं.

एक आई वकील आहेत. त्यांनी संमतिपत्राचा मसुदाच आणला होता : पालकांनी सही करायची, इजा झाली तर क्लब जबाबदार नाही. काका दुखावले. "मॅडम, सही पालकांची घेणार तुम्ही. झाडाखाली बसलेला माणूस फिरायला आलेला निघाला तर त्याची सही कुठे घ्यायची?" मॅडम म्हणाल्या, "म्हणून सही घ्यायचीच नाही का?" दोघांचंही बरोबर होतं, पण माझं मत काकांकडे झुकतं. कागद क्लबला वाचवतो. खांदा वाचवायला खुर्ची हलवावी लागते, आणि त्या बैठकीत संमतिपत्रावर जितका वेळ गेला तितका खुर्च्यांवर गेला नाही.

तिसरी बैठक संस्थेच्या विश्वस्तांसमोर होती. एका ज्येष्ठ विश्वस्तांनी सुरुवातीलाच सांगितलं, की खो-खो, आट्यापाट्या सोडून हे परदेशी खूळ मुलांच्या डोक्यात कशाला. काका या प्रश्नाची जणू वाटच बघत होते. फेकून मारायची वाकडी लाकडं जगभर होती, ते म्हणाले. इजिप्तच्या तुतनखामेनच्या थडग्यात सापडली, दक्षिण ऑस्ट्रेलियातल्या वायरी स्वॅम्पमध्ये सापडलेली दहा हजार वर्षांपूर्वीची आहेत. आणि तिथल्या आदिवासींचीही सगळी बूमरँगं परत येणारी नव्हती, शिकारीची सरळ जाऊन लागणारीच असायची. आपल्याकडे तमिळनाडूत मरवर आणि कळ्ळर लोकांची वळरी होती, गुजरातेत कोळ्यांची होती. तिथल्या शिवगंगा संस्थानाचा कारभार बघणाऱ्या दोन मरुदू भावांपैकी चिन्न मरुदूने ती फेकायला एका इंग्रज अधिकाऱ्याला शिकवलं, आणि पुढे त्याच जेम्स वेल्शला मरुदू बंधूंविरुद्धच्या लढाईत उतरावं लागलं. हे त्याने स्वतः आठवणींत लिहून ठेवलंय. विश्वस्त खूश झाले. चहा आला. पण मैदान मिळालं नाही. पंधरा मिनिटं रंगलेला इतिहास त्यांनी मनापासून ऐकला आणि मग विचारलं, "बरं, पण पुढच्या वेळी ते झाडाखाली येणार नाही याची काय खात्री?"

परंपरा सांगून परवानगी मिळत नाही, हे काकांना त्या दिवशी पटलं असं मैत्रीण म्हणते. मला तशी खात्री नाही. ते अजूनही वळरीवर बोलायला लागले की थांबत नाहीत. पण पुढच्या पत्रात वळरी नव्हती. त्यात मैदानाचा हाताने काढलेला नकाशा होता : फेकण्याची जागा, महिन्यागणिक वाऱ्याची दिशा, आणि त्या दिशेप्रमाणे तिरपी रेघ मारून रिकामा ठेवलेला पट्टा. परवानगी त्या नकाशाने मिळवून दिली.

जे ठरलं

लाकडी बूमरँग फक्त ऑक्टोबर ते फेब्रुवारी, फक्त पहिल्या तुकडीला, आणि आठ वाजता बंद. साडेआठला मैदान रिकामं.

मैदानाच्या मध्याजवळ बांबूवर एक पातळ फीत बांधायची. ती लोंबत असेल तर लाकूड. तिरकी उचलली गेली तर फक्त फोम. आडवी झाली की सगळं गोळा करून घरी. सोबत एक छोटा वाटीवाला वारामापक घेतला, ताशी दहा किलोमीटरवर लाकूड बंद आणि पंधरावर फोमही. पण खरं काम फीतच करते, कारण ती सगळ्यांना दिसते. आठ वर्षांची मुलगी कॉलेजच्या मुलाला "दादा, फीत बघ" म्हणू शकते. वाऱ्यात फेकायची कला अर्थात असते, बूमरँगच्या हातांवर रबरबँड गुंडाळून त्याची सरक कमी करणं वगैरे. ती जाणत्यांनी एकट्याने, मोकळ्या माळावर शिकावी असं ठरलं.

बघणाऱ्यांच्या खुर्च्या पश्चिमेला, फेकणाऱ्याच्या समोर पण गोलाच्या बाहेर. तिथे सकाळचं ऊन थेट तोंडावर. पालकांनी एक रविवार सहन केलं, दुसऱ्या रविवारपासून ते मुलांना सोडून समोरच्या अमृततुल्यमध्ये जाऊन बसू लागले. सुरक्षेचा सगळ्यांत परिणामकारक उपाय हाच निघाला, आणि तो कुणी सुचवलेला नव्हता.

शिट्टी एकाच कामाला, बूमरँग भरकटलं तर. बाकी सगळ्याला हाक.

एका वेळी एका गोलात एकच फेकणारा, हा नियम आधी तोंडी होता, तो पाळला जाऊ लागला. यातून एक वेगळी गोष्ट बाहेर आली. क्लबमध्ये एक डावखुरी मुलगी होती, तीन-चार रविवार तिला सगळे सांगत होते की मनगट कमी पडतंय. तिच्या हातात उजव्या हाताचं बूमरँग होतं. ते डाव्या हाताने नेहमीसारखं फेकलं की पातळ कड पुढे येते, उचल मिळत नाही, आणि ते थोडं जाऊन पडतं. डावखुऱ्यासाठी आरशातल्या प्रतिबिंबासारखा उलटा आकार लागतो, तो वाऱ्याच्या डावीकडे फेकायचा, आणि तो उजवीकडे वळत परत येतो. गोल मोजायला एकेकाला उभं केलं तेव्हा कुठे काकांच्या हे लक्षात आलं. टूलरूमच्या माणसाने त्याच संध्याकाळी कानस घेतली. आता डावखुऱ्यांचा गोल वेगळा आखतात, कारण उजव्या आणि डाव्या फेकींचे मार्ग एकमेकांत शिरतात आणि शेजारी उभं राहणं धोक्याचं असतं.

राहिला पावसाळा. मैदानावर चिखल आणि पश्चिमेचा वारा, दोन्ही एकत्र. उपाय मैत्रिणीच्या सासूबाईंनी काढला. आषाढी एकादशीपासून चातुर्मास लागला की लग्नं बंद, कर्वेनगर-कोथरूडची मंगल कार्यालयं ओस. एका कार्यालयाच्या मालकांनी रविवार सकाळचा हॉल जवळजवळ फुकट दिला, अट एकच, झुंबराखाली फेकायचं नाही. तिथे लग्नपत्रिकांच्या जाड पुठ्ठ्याची तीन हातांची बूमरँगं फेकतात. हात सारखे कापायचे, मधोमध स्टेपल करायचे, टोकं किंचित वर वळवायची. गोल तीन-चार मीटरचा निघतो आणि पंखे बंद असले की सरक शून्य. सरक नसल्यामुळे फेकीतली चूक लगेच कळते. डावीकडे पडलं तर काय चुकलं, पुढे पडलं तर काय चुकलं, हे नवी मुलं हॉलमध्ये दोन सकाळींत शिकतात, जे मैदानावर महिनाभर वाऱ्यावर ढकललं जायचं. माझ्या मते क्लबचं शिकवणं सुधारलं ते या हॉलमुळे. पत्रिका तर काय, प्रत्येक घरी गठ्ठ्याने असतात.

काय गेलं

सगळं गोड झालं नाही. आजोबांना भेटायला काका गेले, चष्म्याचे पैसे दिले, त्यांनी घेतले. क्लबमध्ये येणारा त्यांचा नातू पुन्हा आला नाही. ते योग्यच होतं असं मला वाटतं. क्लबमधल्या काहींना मात्र ते लागलं.

चांगले फेकणारे तिघे क्लब सोडून गेले. आंतरराष्ट्रीय स्पर्धांमध्ये पाच फेकींची अचूकतेची फेरी असते : बूमरँग किमान वीस मीटर लांब जाऊन परत यायला हवं, आणि दोन, चार, सहा, आठ, दहा मीटर त्रिज्येच्या वर्तुळांत कुठे पडलं त्यावर दहा ते दोन गुण. ती या मैदानात बसते. पाच झेल कमीत कमी वेळात घ्यायची फेरीही बसते. पण ऑस्ट्रेलियन पद्धतीच्या फेरीत पूर्ण गुण मिळवायला बूमरँग पन्नास मीटरपर्यंत जावं लागतं, आणि मागे रिकामा पट्टा ठेवायचा म्हटलं तर त्याला इथे जागा नाही. ती मुलं आता पिरंगुटच्या पुढे कुठल्यातरी माळावर आपापली जातात. शिट्टी, फीत, खुर्च्या काही नाही. पण आजूबाजूला माणूसही नाही, हे त्यांचं उत्तर आहे आणि ते खोडता येत नाही. काकांना लांबची फेक स्वतःला आवडते. ते अधूनमधून त्यांच्या गाडीत मागे बसलेले दिसतात.

आता नवा विषय आलाय. संस्थेला मैदानाच्या पश्चिम टोकाला जाळीबंद टर्फ करायचंय, संध्याकाळी बॉक्स क्रिकेटला भाड्याने द्यायला. काकांनी टेप लावून मोजलं. उरलेल्या भागात वीस मीटरचा गोल बसतो. मागे सरकेसाठी जो पट्टा नकाशात मोकळा ठेवलाय त्यातलं अर्धं अंतर जातं, आणि खुर्च्यांची पश्चिमेची जागा पूर्ण जाते. शिवाय उंच जाळीच्या मागे वारा भोवरे घेतो, तेव्हा फीत काय दाखवेल यावर क्लबमध्ये दोन तट आहेत. एका गटाला वाटतं, लाकूड कायमचं बंद करून फोमवर राहावं. दुसऱ्याचं म्हणणं, हिवाळ्यात पहाटे साडेसहा ते आठ वारा नसतोच, तर पट्टा अर्धा पुरे. नोव्हेंबरची मांडणी एप्रिलपर्यंत तशीच राहिली म्हणून जे झालं ते पाहता मी पहिल्या गटाच्या बाजूचा आहे, पण मत देण्याचा अधिकार सभासदांना आहे. बैठक कोजागिरीनंतरच्या रविवारी ठेवलीय, कारण त्याआधी मंगल कार्यालयाचा हॉल आहे आणि कुणाला घाई नाही.